दुसरी पाळी, छातीतली जळजळ आणि अल्कलाइन पाण्याचं मशीन

दादा, तुमचा प्रश्न लांबलचक आहे, पण कामाची माहिती तुम्ही अगदी शेवटच्या दोन ओळींत घातली आहे. इतरांनाही कळावं म्हणून थोडक्यात मांडते. वय ४४, उंची पाच फूट पाच इंच, वजन ८४ किलो. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम. दोन वर्षांपासून छातीत जळजळ, पहाटे घशाशी आंबट पाणी. रोज आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल ४० ची गोळी, तीही जेवण झाल्यावर. दही, टोमॅटो, चिंच, लिंबू बंद करून तीन महिने झाले तरी फरक नाही. मोबाइलवर आलेल्या एका तक्त्यात लिंबू ‘ॲसिडिक’ आहे, दुसऱ्यात तेच ‘अल्कलाइन’, म्हणजे आम्लाच्या उलट. मेव्हण्यांच्या घरी अल्कलाइन पाण्याच्या मशीनचा डेमो झाला, ते घ्यावं का? आईचं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलंय, तिलाही तक्त्यातला ‘अल्कलाइन’ आहार द्यावा का? आणि शेवटच्या त्या दोन ओळी: महिन्यातून दोन आठवडे दुसरी पाळी, घरी पोचायला बारा, मग जेवण आणि लगेच झोप. कंबर दुखते म्हणून अधूनमधून पेनकिलर.

मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे पित्ताचे आणि किडनीचे पेशंट जास्त येतात, त्यामुळे तुमच्या घरातले दोन्ही प्रश्न ओळखीचे आहेत. मी डॉक्टर नाही. औषध बदलायचं किंवा थांबवायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

आधी तक्त्यांचं बघू. दोन तक्ते एकमेकांविरुद्ध बोलतात, कारण ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. पहिल्या तक्त्यात पदार्थ जसा आहे तसा मोजलाय. पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा: सात म्हणजे मधोमध, त्याखाली आम्ल, वर अल्कली. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो, म्हणजे चांगलाच आम्ल. टोमॅटो आणि दही साडेचारच्या आसपास, दूध साडेसहाच्या थोडं वर. हे आकडे खरे आहेत. दुसऱ्या तक्त्याची कल्पना शंभरेक वर्षांपूर्वीची आहे. पदार्थ जाळायचा आणि उरलेली राख आम्ल की अल्कली ते बघायचं. शरीर अन्न ‘जाळतं’ तेव्हाही शेवटी तसंच काहीसं उरतं, हा त्यामागचा विचार. त्यात तथ्य आहे. लिंबातलं सायट्रिक आम्ल शरीर वापरून टाकतं आणि त्यातून आम्ल शमवणारं बायकार्बोनेट तयार होतं, म्हणून आंबट लिंबू या हिशेबात अल्कलीच्या बाजूला जातं. मटण, अंडी, मासे आणि धान्यं यांच्या प्रथिनांतल्या गंधकापासून मात्र आम्ल तयार होतं, म्हणून ती दुसऱ्या बाजूला.

ही शिल्लक बाहेर पडते ती लघवीतून. तुम्ही पीएचची जी पट्टी लघवीत बुडवून बघताय ती तेवढंच दाखवते. लघवीचा पीएच साडेचारपासून आठपर्यंत फिरत असतो, आणि तो फिरायलाच हवा. रक्ताचा पीएच मात्र ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहतो. तुम्ही आठवडाभर मटण खाल्लं काय किंवा नुसत्या काकड्या खाल्ल्या काय. हे काम फुफ्फुसं मिनिटामिनिटाला करतात, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून. किडनी तेच तासातासाने, दिवसादिवसाने करते. रक्त खरोखरच आम्ल झालं तर माणूस इंटरनेटवर प्रश्न विचारत बसत नाही, तो दवाखान्यात ॲडमिट असतो. शुगर फार बेकाबू झाली, किडनी थकली, जबर जुलाब झाले, अशा वेळी ते होतं. टोमॅटोच्या कोशिंबिरीने होत नाही. ‘अल्कलाइन शरीरात कॅन्सर टिकत नाही’ हा जो मेसेज तुम्ही चिकटवलाय, त्याचंही हेच. गाठीच्या आसपास आम्लता वाढते ती गाठीच्या पेशी तयार करतात म्हणून, आणि आहाराने तिथला पीएच बदलता येत नाही.

आणि तुमची जळजळ? तिचा या दोन्ही तक्त्यांशी फारसा संबंध नाही. जठरात स्वतःचंच आम्ल असतं, रिकाम्या पोटी पीएच साधारण दीड ते साडेतीन. पीएचच्या मोजपट्टीवर एक आकडा खाली म्हणजे आम्लता दहापट. म्हणजे साडेचार पीएचचं दही पोटात गेलं तर ते पोटाला आणखी आंबट करूच शकत नाही. दही तिथल्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे. म्हणून तीन महिने दही सोडून काही झालं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

तुमचा खरा प्रश्न जठरात आम्ल आहे हा नाही, ते तिथे हवंच. ते वर अन्ननलिकेत येतं हा आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली, किंवा पोटातला दाब वाढला, की आम्ल उलटं वर येतं. जठराला आतून जाड श्लेष्माचं संरक्षण असतं, अन्ननलिकेला तसं नसतं, म्हणून जळतं. पहाटे घशाशी येणारं आंबट पाणी ही तर याची खूणच. अशा माणसाला मी विचारते ते ‘काय खाता’ हे नंतर. आधी विचारते: किती वाजता खाता, किती खाता, त्यात तेल-तूप-खोबरं किती, आणि खाल्ल्यावर किती वेळाने आडवं होता. तुमच्या शेवटच्या दोन ओळींत उत्तर आहे. बाराला पोटभर जेवण आणि साडेबाराला अंथरूण. जठर रिकामं व्हायला साधारण जेवणाला तीन-चार तास लागतात, तेलकट-तुपकट असेल तर आणखी जास्त. तुम्ही आडवे होता तेव्हा ते गच्च भरलेलं असतं.

आता आपल्या कोल्हापूरचा विषय काढायलाच हवा. इथे सगळा दोष तिखटाला दिला जातो. तांबडा रस्सा जाळतो आणि पांढरा थंड, अशी समजूत घेऊन लोक जळजळ होते म्हणून पांढऱ्याच्या दोन वाट्या जास्त ओरपतात. पांढऱ्यात काय असतं बघा: मटणाचं अळणी (मटण शिजवलेलं पाणी), नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. चवीला सौम्य, पण स्निग्ध. स्निग्ध पदार्थ जठर रिकामं व्हायला उशीर लावतात आणि ती झडपही सैल करतात. त्यामुळे रात्री अकराला प्यालेला पांढरा रस्सा जळजळीच्या बाबतीत तांबड्याइतकाच त्रास देऊ शकतो. मिसळीचंही तसंच. मटकी बिचारी काही करत नाही, वर तरंगणारा कट करतो, आणि तो आपण पुन्हा मागून घेतो.

तिखटाचं विज्ञान वेगळं आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन आम्ल नाही. ते नसांच्या टोकाला असलेल्या, उष्णता ओळखणाऱ्या एका रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूला, चेतवतं. याच रिसेप्टरच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे कांदा-लसूण मसाल्याने आम्ल वाढलं असं नसतं. पण अन्ननलिका आधीच सुजलेली असेल तर तिच्यावरून तिखट जाताना चटका बसतो. टोमॅटो आणि लिंबाचंही तेच. ते आजार तयार करत नाहीत, आधीच्या जखमेवर झोंबतात. म्हणून कुणाला टोमॅटो सोसत नाही आणि कुणाला काहीच होत नाही. माणसागणिक फरक पडणारी गोष्ट ही. माझी पद्धत अशी: एका वेळी एकच पदार्थ दोन आठवडे बंद, मग पुन्हा सुरू करून बघायचं. चार पदार्थ एकदम बंद केले तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. तुमच्या बाबतीत दही आणि ताक आजपासून सुरू करायला माझ्या मते काही हरकत नाही, फक्त दुपारच्या जेवणात.

झोपताना गार दूध पिता असं लिहिलंय. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात दुधाविरुद्ध बोलणं म्हणजे धाडस आहे, पण बोलते. दुधाने पहिली दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं, कारण ते आम्ल थोडं शमवतं. नंतर त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. शिवाय म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर. झोपताना एक पेला म्हशीचं दूध म्हणजे आणखी एक छोटं जेवणच. दूध प्यायचंय तर सकाळी प्या.

मशीनबद्दल. डेमोत काय झालं असेल ते सांगते: दोन ग्लास, त्यात रंगीत थेंब, एका ग्लासात पिवळा रंग, दुसऱ्यात जांभळा. थेंबांनी पाण्याचा पीएच दाखवला, एवढंच. ते पाणी पोटात गेल्यावर काय होतं ते थेंब सांगत नाहीत. साधा हिशेब करा. पीएच नऊचं पाणी आणि पीएच दोनचा जठररस. फक्त पीएचच्या आकड्यावर गेलं तर एक लिटर असं पाणी साधारण एक मिलिलिटर जठररस शमवू शकतं. पाण्यात मुळातच विरघळलेले क्षार असतील तर ते थोडं जास्त काम करतात, पण ते क्षार साध्या बोअरच्या पाण्यातही असतात, त्यासाठी मशीन लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पीएच साडेसहा ते साडेआठ असावा असं म्हटलंय. पाणी त्यात बसत असेल तर आणखी वर नेऊन काही साधत नाही. मशीनची किंमत वाचून मी क्षणभर थांबले. त्यातले थोडे पैसे एंडोस्कोपीला (दुर्बिणीने जठराची तपासणी) लागले तर लागतील, बाकीचे शिल्लक राहतील. मेव्हण्यांना वाईट वाटणार असेल तर डॉक्टरांनी नको म्हटलंय असं सांगा.

मग करायचं काय? पाळी बदलणं तुमच्या हातात नाही, जेवणाची वेळ थोडीफार आहे. दुसऱ्या पाळीच्या दिवसांत मुख्य जेवण दुपारी दोनच्या आत घरीच घ्या. दुसरं जेवण कामावरच्या सुट्टीत, सात-साडेसातला, डब्यातून. दोन भाकऱ्या, एखादी कोरडी भाजी किंवा पातळ आमटी, काकडी. कॅन्टीनचं तळलेलं नको. जेवून लगेच वाकून उचलायचं काम असेल तर अर्धा तास पुढे ढकलता येतं का बघा, कारण भरल्या पोटी वाकलं की दाब वाढतो. रात्री घरी आल्यावर खायचं ते अगदी थोडं: वाटीभर मऊ भात-मूग, किंवा नाचणीची आंबील. घरच्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड, मला माहीत आहे. नवरा बाराला दमून येतो आणि बायको गरम भाकरी वाढायला जागी असते, तिथे ‘नको’ म्हणणं जड जातं. तेव्हा हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या. मग किमान दीड-दोन तास बसून राहा. मोबाइल बघा, काही करा, पण आडवं होऊ नका.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू पंधरा-वीस सेंटिमीटर उचला. नुसत्या जास्त उशा घेऊ नका. त्याने मान वाकते आणि पोट दुमडतं, फायदा होत नाही. झोपताना डाव्या कुशीवर झोपा. डावीकडे झोपलं की जठर झडपेच्या खालच्या पातळीवर राहतं आणि आम्ल वर यायला वाट मिळत नाही. कंबरेचा पट्टा एक भोक सैल करा.

वजनाचं टाळून चालणार नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३१ च्या जवळ आहे. पोटाचा घेर जठरावर सतत दाब टाकत असतो. पाच-सात किलो कमी झाले की माझ्या बहुतेक पेशंटना फरक जाणवतो, आणि तो कुठल्याही तक्त्यापेक्षा मोठा असतो. तंबाखूचंही तुम्ही ‘कधीमधी’ असं लिहिलंय. तिनेही झडप सैल होते. कधीमधीचं शून्य करा.

गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलताना दोन गोष्टी विचारा. पहिली, वेळ. हे औषध जठरात आम्ल सोडणारे पंप बंद करतं, आणि ते पंप जेवणाने चालू होतात. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. जेवून मग घेतली तर निम्मी वाया गेल्यासारखी. दुसरी, किती दिवस घ्यायची. दोन वर्षं स्वतःच दुकानातून घेऊन खाणं बरोबर नाही. फार दिवस घेतल्याने बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, ते तपासून घ्या. पण उद्यापासून एकदम बंदही करू नका. अचानक थांबवलं की काही आठवडे आम्ल उसळून येतं आणि माणसाला वाटतं आजार वाढला. हळूहळू कमी करायची असते. फसफसणाऱ्या पावडरीही जपून, त्यात सोडियम बरंच असतं. ब्लड प्रेशर असेल तर नकोच.

पेनकिलरची मला जास्त काळजी वाटते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्या जठराचं आतलं संरक्षण कमी करतात आणि त्याने अल्सर होऊ शकतो. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू. अल्सर ताणाने आणि तिखटाने होतो असंच सगळे मानत होते, तेव्हा बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८४ मध्ये या जीवाणूचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे हा जीवाणू बऱ्याच जणांच्या पोटात असतो. शौचाची किंवा श्वासाची तपासणी करून कळतं, आणि अँटिबायोटिकने जातो. त्या तपासणीआधी साधारण दोन आठवडे पॅन्टोप्राझोल थांबवावं लागतं, नाहीतर खोटा ‘निगेटिव्ह’ येतो. तपासणी करायला सांगणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही ही गोळी घेता हे आधी जरूर सांगा.

यातलं काही असेल तर आहाराचे प्रयोग करत बसू नका, थेट पोटविकारतज्ज्ञांकडे जा: घास अडकतो, वजन आपोआप उतरतंय, उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखं काळं, हिमोग्लोबिन कमी. आणि जळजळ जर जिना चढताना, वजन उचलताना येत असेल, घाम फुटत असेल, डावा हात किंवा जबडा भरून येत असेल, तर ते पित्त समजू नका. त्याच दिवशी ईसीजी काढा. भट्टीजवळ काम करणाऱ्याला घाम नेहमीचाच असतो, त्यामुळे हे नीट लक्षात ठेवा.

आता आईंबद्दल, कारण त्यांना चुकीचा सल्ला मिळाला तर तुमच्यापेक्षा त्यांचं नुकसान जास्त. किडनी कमजोर झालेल्या माणसाला आहारातलं आम्ल खरोखर जड जातं, कारण ते बाहेर टाकायचं काम किडनीचं असतं. रक्तातलं बायकार्बोनेट फार कमी झालं तर डॉक्टर सोडा-बायकार्बच्या गोळ्या देतात. मटण आणि अंड्यांचं प्रमाण कमी करायला सांगतात. म्हणजे तक्त्यातली मूळ गोष्ट त्यांच्या बाबतीत थोडी लागू पडते. पण त्याच तक्त्यात ‘उत्तम अल्कलाइन’ म्हणून वर शहाळं, केळी, पालक आणि टोमॅटो दिलेत, आणि त्यांच्यात पोटॅशियम भरपूर असतं. एका शहाळ्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅमच्या वर सहज जातं. चांगली किडनी ते बाहेर टाकते. थकलेली टाकू शकत नाही, आणि रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. रोज शहाळं देताय असं लिहिलंय, ते रिपोर्ट बघेपर्यंत थांबवा. ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणारं मीठही नको, त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून दिलं तर पोटॅशियम बरंच कमी होतं. चव जाते, पण चालवून घ्यावं लागतं. आणि तुमच्या कंबरेच्या गोळ्यांच्या डब्यातून त्यांना गुडघेदुखीसाठी एकही गोळी देऊ नका, त्या किडनीला थेट मारक असतात.

त्यांचं क्रिएटिनिन, ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग), पोटॅशियम आणि बायकार्बोनेट हे चार आकडे इथेच खाली लिहिलेत तर कोणत्या भाज्या चालतील ते नेमकं सांगता येईल. शुगर आणि ब्लड प्रेशरच्या गोळ्यांची नावंही लिहा, काही प्रेशरच्या गोळ्यांनी पोटॅशियम वाढतं. आणि तुमच्या पॅन्टोप्राझोलच्या पट्टीवर मागे दुसऱ्या औषधाचंही नाव आहे का बघा. डॉमपेरिडॉन हे मळमळ-उलटीवरचं औषध असेल तर ते वर्षानुवर्षं रोज घ्यायचं औषध नाही. डॉक्टरांकडे जाताना ती पट्टी बरोबर न्या.